तीन भावांचा सिनेमा

लग्न होऊन मी बडोद्याला आले तेव्हा दांडिया बाजारातल्या आमच्या घरी खालच्या नळाला पाणी सकाळी थोडाच वेळ यायचं. आणि नेमकं त्याच वेळी खालच्या मजल्यावरचे श्रीधरकाका शिर्के जिन्याच्या तोंडाशी उभे राहून कोणाला तरी सिनेमाची गोष्ट सांगत असायचे. बादली घेऊन जायला वाट नसायची. पहिल्या दिवशी मी दोन पायऱ्या वर थांबले, पदर सावरला, खाकरले. त्यांनी वळून पाहिलं आणि म्हणाले, "केम छो, सूनबाई? थांब जरा. उंट मरू दे, मग जा."

मी साताऱ्याची. 'केम छो'ला काय उत्तर द्यायचं ते मला ठाऊक नव्हतं, आणि उंट कोणाचा तेही. समोर गॅसचा सिलिंडर आणणारा माणूस उभा होता. सिलिंडर खांद्यावर तसाच, तोंड उघडं. श्रीधरकाकांनी उंट मारला, त्याच्यासाठी क्षणभर डोळे मिटले आणि मग बाजूला सरकून मला वाट दिली. मी नळावर पोचले तोवर पाणी गेलं होतं.

उंचीनं बेताचे, पुढचे दोन दात जरा बाहेर, सदऱ्याच्या खिशात तीन पेन्सिली. मकरपुऱ्याकडच्या एका कारखान्यात ते ड्राफ्ट्समन होते. यंत्रांच्या सुट्या भागांची चित्रं काढायची, एकेक रेघ केसाएवढी. कागदावर हा माणूस कधी चुकायचा नाही, पण तोंडानं डावं आणि उजवं यांतला फरक त्याला जन्मात सांगता आला नाही. मला पहिल्यांदा भाजीला जायचं होतं तेव्हा त्यांनी रस्ता सांगितला: "इथून नीकळ, डाव्या हाताला वळ, सीधी जा ने." मी वळले आणि भांड्यांच्या दुकानांत जाऊन पोचले. परत आले तर म्हणतात, "अगं, माझा डावा म्हणजे तुझा उजवा." आम्ही दोघं एकाच दिशेला तोंड करून उभे होतो.

सिनेमाची गोष्ट मात्र कधी वाट चुकायची नाही. तीन सख्खे भाऊ. घर सोडून कुठल्याशा परक्या मुलखातल्या फौजेत भरती होतात. चारी बाजूंना वाळू, मधे मातीचा एक किल्ला, किल्ल्यावर बिगूल वाजवणारा एक पोरगेलासा शिपाई आणि सगळ्यांना छळणारा सार्जंट. पाणी संपतं. उंट मरतो. शत्रू वेढा घालतो. मग मागे सरायचा हुकूम येतो, आणि मधला भाऊ जखमी होऊन किल्ल्यातच पडून राहतो. इथं काकांचा आवाज एकदम खाली यायचा. "आणि मोठा भाऊ, सूनबाई, अर्ध्या वाटेवरून परत फिरतो. हुकूम मोडून. सगळी फौज एका बाजूला चाललीय आणि वाळूत हा एकटा माणूस उलटा. जातो, भावाला खांद्यावर घालतो, आणि घेऊन येतो. बस. खलास." मग ते पेन्सिली खिशात नीट करायचे आणि कामावर जायचे.

सिनेमाचं नाव काय, असं विचारलं तर म्हणायचे, "इंग्लिश होतं." नटांचं नाव विचारलं तर, "गोरे होते." लहान असताना एकदाच पाहिला होता त्यांनी तो, दोघा मोठ्या भावांबरोबर, सकाळच्या सस्त्या खेळाला. त्या सिनेमाचा परिणाम मात्र पक्का. यशवंत आणि वसंता, दोघे थोरले भाऊ, वय झाल्याबरोबर एकापाठोपाठ एक सैन्यात गेले. शेंडेफळ श्रीधर मागून गेला, पण परत पाठवला. चपटे तळवे निघाले असं ते स्वतः सांगत. मोठे भाऊ यशवंतदादा सांगत, "तळवे बरोबर होते. बाएँ मूड म्हटल्यावर हा उजवीकडच्या माणसावर आदळला." खरं काय ते मला आजही माहीत नाही. त्या घरात कुठल्याही गोष्टीच्या दोन तरी हकीकती असायच्याच.

तेव्हा बडोद्यात हळूहळू सगळं बदलायला लागलं होतं. काकांच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला, आणि गल्लीत आधी व्हिडिओ, मग केबल. कॉम्प्युटरला काका भ्याले, पण व्हिडिओनं त्यांना नवा हुरूप आला. आपला सिनेमा कुठेतरी कॅसेटवर असणारच, असं त्यांच्या मनानं घेतलं. वाडी भागातल्या कीर्तीभाईंच्या व्हिडिओच्या दुकानात ते दर शनिवारी जाऊन उभे राहत. कीर्तीभाई कपाळावर हात मारून घ्यायचे. "काका, पिक्चरनुं नाम तो बोलो!"

"तीन भाई छे. रेती छे. ऊंट मरी जाय छे."

"ऊंटनुं नाम?"

शेवटी एकदा कीर्तीभाईंनी सुटका करून घेण्यासाठी, वर नुसती वाळू आणि निळं आकाश असलेली एक इंग्रजी कॅसेट त्यांच्या हाती दिली. काकांनी अख्ख्या माडीला आमंत्रण दिलं. त्यांच्या बायकोनं, मालतीकाकूंनी, चिवडा केला. माझ्या सासूबाई, वरचे जोशी, दोन गुजराती शेजारणी, सगळे चटईवर. सिनेमा सुरू झाला. वाळू होती, पण समुद्रकाठची. आणि तिच्यावर ज्या बाया लोळत होत्या त्यांच्या अंगावर फार काही नव्हतं. मालतीकाकू ताडकन उठून टीव्हीपुढे पदर पसरून उभ्या राहिल्या. "बंद करा हो!" काका रिमोटची बटणं दाबतायत, आवाज वाढतोय, जोशी मान तिरकी करून पाहतायत. गोंधळात काकांनीच विचारलं, "पण भाऊ कुठायत?" पुढे कित्येक दिवस गल्लीत कोणाला काही सापडेनासं झालं की लोक म्हणायचे, पण भाऊ कुठायत?

यशवंतदादा त्या दिवशी नव्हते. ते यायचे रविवारी. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन फतेगंजला राहत होते. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन सुरतेला. रविवारी सकाळी सायकलीवरून यायचे, हँडलला अडकवलेल्या पिशवीत तिकडच्या बेकरीचे पाव. ताठ बसायचे, चहा प्यायचे, "बरं आहे ना?" एवढं विचारायचे आणि गप्प. जेवून जायचे. धाकटा भाऊ अखंड बोलतोय आणि थोरला ऐकतोय, असं ते चालायचं. फक्त कोणी नवं माणूस आलं आणि काकांनी सिनेमा काढला, की दादा उठायचे. "सायकलीत हवा भरून येतो." हवा भरायला किती वेळ लागतो? ते गोष्ट संपेपर्यंत यायचे नाहीत. मला वाटायचं, कंटाळत असतील. हजारदा ऐकलेली गोष्ट.

एकदा डाळ निवडता निवडता मी मालतीकाकूंना तसं म्हटलं. त्या थांबल्या. म्हणाल्या, "तुला कोणी सांगितलं नाही का गं? वसंतभाऊजींचं?"

वसंता आणि यशवंत एकाच पलटणीत होते. पश्चिमेच्या सीमेवर लढाई झाली तेव्हा दोघे राजस्थानच्या वाळूत. यशवंत परत आले. वसंताची तार आली, बेपत्ता म्हणून. मेला असं नाही, सापडला असंही नाही. कैदेत असेल म्हणून मालतीकाकूंच्या सासूबाई वाट पाहत राहिल्या. कैदी सुटून आले, त्यांत नव्हता. "दर पितृपक्षात गुरुजी विचारायचे, वसंताचं करायचं का? सासूबाई म्हणायच्या, तो गेलेला नाही, हरवलाय. हरवलेल्याचं श्राद्ध घालतात का? त्या गेल्या, तरी हे तेच म्हणतात. काय खरं धरावं?"

"आणि दादा काय म्हणतात?"

"भाऊजींना कोणी विचारलंच नाही," काकू म्हणाल्या. "कसं विचारायचं?"

मी डाळीचं ताट घेऊन वर आले. मग तो सिनेमा काय आहे? मोठा भाऊ परत फिरतो, मधल्याला खांद्यावर घेऊन येतो, हे हा माणूस वर्षानुवर्षं जिन्यात उभा राहून सांगतोय आणि सख्खा थोरला भाऊ हवा भरायला जातोय. श्रीधरकाका टोमणा मारत होते का? त्या भोळ्या, दात बाहेर आलेल्या चेहऱ्याकडे पाहून तसं वाटत नव्हतं. पण इतकं न कळण्याइतकं कोणी भोळं असतं का? मला काही ठरवता येईना. तेव्हापासून मी ती गोष्ट ऐकताना काकांच्या डोळ्यांकडे बघायचे. डोळे फक्त उंटाच्या वेळी भरायचे.

केबल आली आणि एका रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, मी भांडं परत द्यायला खाली गेले होते. दादा निघाले होते, दारात चपला घालत होते. काका रिमोटनं एकेक वाहिनी पुढे ढकलत होते. एकाएकी ते ओरडले, "दादा! हाच! दादा, हाच तो! बिगूल बघ!"

काळ्यापांढऱ्या पडद्यावर मातीचा किल्ला होता. वर एक पोरगा बिगूल वाजवत होता. दादांनी एक चप्पल घातली होती, दुसरी हातात. ते उंबऱ्यात तसेच उभे राहिले. मला वाटलं, जातील. गेले नाहीत. थोड्या वेळानं आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसले.

काकांनी सांगितलेलं सगळं तंतोतंत होतं. सार्जंट तसाच खडूस, पाण्याची पिंपं तशीच कोरडी. उंट मेला तेव्हा काका मोठ्यानं रडले, आणि कोणी हसलं नाही. मग वेढा, मग हुकूम. मधला भाऊ आत पडलेला. फौज रांगेनं वाळूतून निघाली. मोठा भाऊ रांगेत होता. चालताना त्यानं मान वळवली. किल्ल्याकडे पाहिलं. काका गुडघ्यांवर उठून बसले. "आता बघ, सूनबाई, आता फिरतो."

तो फिरला नाही. मान पुढे केली आणि चालत राहिला. किल्ला लहान लहान होत गेला, बँड वाजला, पडद्यावर नावं आली.

"कापला," काका म्हणाले. "केबलवाल्यानं कापला. जाहिरातींसाठी कापतात मेले."

"कापलेला नाही," दादा म्हणाले. "शेवट हाच आहे."

"नाही दादा. तो परत जातो. मी पाहिलाय ने!"

"तू नाही पाहिलास. उंट मेल्यापासून तू मुसमुसत होतास, मधला भाऊ किल्ल्यात राहिला तेव्हा भोकाड पसरलंस. पिटातले लोक ओरडायला लागले. वसंता तुला बाहेर घेऊन गेला. शेवट मी एकट्यानं पाहिला." दादांचा आवाज चढला नव्हता. "इतकी वर्षं तू लोकांना सांगतोयस, तो भावाला आणायला गेला, भावाला आणायला गेला. श्रीधर, हुकूम होता. माझ्याबरोबर माझी माणसं होती. वसंता पुढच्या टेकाडावर होता. मी साहेबाला विचारलं. साहेब म्हणाला, पहाटे. पहाटे मी गेलो, रे. गेलो होतो मी. टेकाडच नव्हतं. वारा सुटला होता. नुसती वाळू."

काकांचं तोंड उघडंच होतं. "मी तुला कधी काही म्हटलं का, दादा?"

"म्हणायला कशाला हवं? गोष्ट सांगत होतास की."

"मी सिनेमाची गोष्ट सांगत होतो!" काका खरोखरच गोंधळले होते. ते माझ्याकडे बघत होते, काकूंकडे बघत होते, जणू आमच्यापैकी कोणी तरी साक्ष द्यावी. "सिनेमाची, दादा. तुझी नाही. माझ्या मनातसुद्धा..." ते थांबले. मग अगदी हळू म्हणाले, "पण मी जर बाहेर होतो, तर परत फिरतो हे मला सांगितलं कोणी?"

मालतीकाकूंनी टीव्ही बंद केला.

"बाहेर शेंगावाला होता," काका म्हणाले. "वसंतानं मला शेंगा घेऊन दिल्या. मी म्हटलं, पुढे काय होतं? तो म्हणाला, रडू नको. मोठा परत फिरतो आणि मधल्याला घेऊन येतो." त्यांनी दादांकडे पाहिलं. "वसंतानंच सांगितलं. पण त्यानं तरी कुठं पाहिला होता शेवट?"

दादा उठले. त्यांचा चेहरा मी पाहिला नाही, पाहवला नाही. हातातली चप्पल घालायला त्यांना बराच वेळ लागला. मग सायकल खडखडत बोळाबाहेर गेली.

त्यानंतरचे रविवार दादा आले नाहीत. जिना सकाळी मोकळा असायचा. बादली घेऊन खुशाल जा, खुशाल या. मला ते सोसवेना. काका ओट्यावर बसून पेन्सिलींना टोकं करायचे, टोकं झालेल्या पेन्सिलींना पुन्हा करायचे. एकदा वर आमच्याकडे आले. आमच्या ओळखीचे एक प्राध्यापक जुन्या इंग्रजी सिनेमांचे जाणकार होते. त्यांना विचारा म्हणून ह्यांच्या मागे लागले. प्राध्यापकांनी सांगितलं की अशी गोष्ट तिथं एकदा सोडून दोनदा-तीनदा काढलेली आहे. या भावांनी लहानपणी पाहिला तो कुठला, कोण सांगणार? त्यातल्या एखाद्यात परत फिरत असेलही.

ऐकून काकांचा चेहरा उजळला आणि लगेच विझला. "म्हणजे दादा म्हणतो तो निराळा असेल? की मी म्हणतो तो?" मग थोड्या वेळानं, "पण सूनबाई, वसंतानं तर बाहेर येऊन सांगितलं. आत काहीही असलं तरी, त्याच्या मनात तेच होतं ने?"

मी म्हटलं, "काका, तुम्ही फतेगंजला जाऊन या."

"जाऊन काय विचारू?"

"विचारू नका काही. जाऊन बसा."

ते गेले. सकाळी गेलेले संध्याकाळी परतले. मग वरचेवर जायला लागले. दादांनी हळूहळू लढाईचं सगळं सांगितलं, असं ते म्हणाले. मी विचारलं, काय सांगितलं? काका ओट्यावर बसले. "सगळं सांगितलं. टेकाड कुठं, साहेब कुठं, वारा कुठून. मी नकाशा काढून पाहिला, तरी मला काही समजलं नाही. दादालापण समजलेलं नाही. पंचवीस वर्षं तो मला घाबरत होता, सूनबाई. मला! मी कोण? माझ्यासमोर तर मांजरसुद्धा उभं राहत नाही." ते हसले, आणि हसता हसता त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "त्याला वाटायचं मी आईच्या वतीनं बोलतोय."

त्या वर्षी पितृपक्ष लागला तेव्हा मालतीकाकू मला म्हणाल्या, "वसंतभाऊजींचं करायचं ठरलंय. दोघांनी मिळून ठरवलं. चांदोदला, नर्मदेवर. तुम्ही दोघं येता का सोबतीला? ह्यांचा काही भरवसा नाही."

आम्ही जीपमधून गेलो. दादा पुढे बसले होते. काका मागे काकूंना सारखे विचारत होते, "आपण बरोबर करतोय ने? तो असला तर? समज, असला कुठे, आणि आपण पिंड ठेवला, तर त्याला काही होत नाही ने?" काकू म्हणाल्या, "असेल तर पोट भरेल त्याचं." हे उत्तर त्यांना पटलं की नाही कळलं नाही, पण ते बाहेर पाहायला लागले.

घाटावरचे गुरुजी गुजराती, वयानं तरणे. त्यांनी विचारलं, "तिथि खबर छे?"

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. तार आली ती तिथी धरायची, की हुकूम आला ती रात्र, की पहाट? दादा म्हणाले, "माहीत नाही." आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून मी हे शब्द ऐकले. गुरुजींनी विचारलं, कसे गेले? काका काही बोलायच्या आत दादा म्हणाले, "लढाईत." गुरुजी म्हणाले, मग काळजी नाही, शस्त्रानं गेलेल्यांचं चतुर्दशीला करतात, आणि आज चतुर्दशीच आहे. एवढी सोपी वाट असेल असं बहुधा कोणालाच वाटलं नव्हतं. काका मला म्हणाले, "इतकंच होतं?"

नर्मदा भरून वाहत होती. पिंड झाले, कावळा आला, आणि तर्पणासाठी दोघे भाऊ कमरेपर्यंत पाण्यात उतरले. दादा ताठ. काका थंडीनं आखडलेले, ओले केस कपाळावर. गुरुजी काठावरून मंत्र सांगत होते. नाव घ्या म्हटल्यावर दोघांनी एकदमच घेतलं. मग ओंजळीतलं पाणी सोडायची वेळ आली. दादांनी सोडलं. काका नुसते ओंजळ धरून उभे. ते पाण्याकडे बघत होते, आणि पाणी बोटांमधून आपोआप गळून चाललं होतं. गुरुजी म्हणाले, "छोडो, काका, छोडो." काकांची ओंजळ रिकामीच झाली होती. त्यांनी भांबावून थोरल्या भावाकडे पाहिलं. "दादा, गेलं. सोडायच्या आधीच गेलं."

पुढे ह्यांची बदली झाली, आम्ही बडोदं सोडलं. काका त्यानंतरही बरीच वर्षं होते. पण मला ते आठवतात ते तसे, त्या नदीत. दादा पाण्यातून दोन पावलं त्यांच्याजवळ सरकले, स्वतःच्या ओंजळीत पाणी घेतलं आणि ते धाकट्या भावाच्या ओंजळीत ओतलं.

"घाई नाही," ते म्हणाले. "परत घे."